दोनशे बारा ओळी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. बोथ, जिल्हा आदिलाबाद

नवी वही सुरू करताना, या दोन हातांनी आजवर जे केलं त्याची यादी.

पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग, एक हजार एकशे शहाऐंशी. (पहिल्या काही मोटारींची नोंद ठेवली नव्हती, म्हणून त्या धरलेल्या नाहीत.) सायकलचं चेनव्हील आणि जुन्या शिलाई मशीनचं पायडल जोडून केलेलं वाइंडिंगचं यंत्र, एक, तारेचे आटे मोजणाऱ्या काट्यासकट. बायकोच्या, म्हणजे शीतलच्या, शाळेची घंटा आपोआप वाजवणारा टायमर, एक. नऊ वर्षांत चार मिनिटं मागे पडला. घराचा जिना, सोळा पायऱ्या. पंधरा पायऱ्या साडेसहा इंची, सगळ्यांत वरची सव्वासहा, कारण मिस्त्रीनं स्लॅब पाव इंच खाली ओतला. त्यात माझी चूक नाही. आणि शेवटी, आमच्या शेतकरी कंपनीसाठी (गावोगावच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली, हिशेब मी बघतो) एक्सेलमधली एक शीट. दोनशे बारा सभासद म्हणून दोनशे बारा ओळी, तेवीस कॉलम. कोणत्याही मास्तरापुढे न बसता.

आता यादीत पुढची वस्तू येणार आहे. कंपनीला दालमिल टाकायची आहे आणि बँकेला पाच वर्षांचं चित्र हवं आहे: तूर किती येईल, भाव पडला तर काय, विजेचं बिल वाढलं तर काय, पैसे कोणत्या महिन्यात आटतील. एक आकडा बदलला की बाकी सगळे आपोआप बदलले पाहिजेत. याला फायनान्शियल मॉडेल म्हणतात. हैदराबादची एक संस्था हे ऑनलाइन शिकवते, बारा शनिवार. फी बेचाळीस हजार. जागा चाळीस. पण आधी परीक्षा आहे, १६ मार्चला.

आज तिथल्या देवश्री मॅडमना फोन केला. मी म्हणालो, मॅडम, मी सहा वर्षांपासून एक्सेल वापरतो. त्या म्हणाल्या, "सर, सगळे असंच म्हणतात. माऊस बाजूला ठेवा आणि एक तास काम करून बघा. मग मला सांगा."

त्यांनी एक पान पाठवलं आहे: कोर्सच्या आधी काय काय आलं पाहिजे. अठरा गोष्टी. त्यातल्या मला सहा येतात. नीट बघितलं तर पाच.

वय एकोणपन्नास. पस्तीस दिवस आहेत. तेरा गोष्टी. जमतं.


११ फेब्रुवारी, मंगळवार

माऊस शीतलच्या शिवणाच्या डब्यात ठेवला आणि डबा तिच्याकडे दिला.

पहिला अर्धा तास मी आंधळ्यासारखा चाचपडत होतो. मग कंट्रोल दाबून खालचा बाण दाबला आणि एका झटक्यात थेट दोनशे बाराव्या ओळीवर जाऊन पोचलो. दोन वर्षं मी त्या ओळीपर्यंत बोटानं चाक फिरवत जात होतो. पुन्हा वर गेलो. पुन्हा खाली. दहा वेळा तरी केलं.

शीतल म्हणाली, "काय झालं? एकटेच हसून राह्यले."

"खाली जाऊन आलो," मी म्हणालो.


१६ फेब्रुवारी, रविवार

डॉलरचं चिन्ह समजलं.

आजवर फॉर्म्युला खाली ओढला की त्यातला दरही खाली सरकायचा आणि मी प्रत्येक ओळीत तो पुन्हा टाइप करायचो. दोनशे बारा वेळा. आता कळलं की सेलच्या नावात डॉलर टाकला की तो सेल जागेवर बसतो, खिळा ठोकल्यासारखा. एक बटण दाबलं की दोन डॉलर, पुन्हा दाबलं की एक, तोही कधी अक्षराच्या आधी तर कधी आकड्याच्या. मोटारीत जशी एक कॉइल स्थिर असते आणि दुसरी फिरते, अगदी तसंच. हे मला कोणी सहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर किती दिवस वाचले असते. पण सांगणार कोण, मी विचारतच नाही कोणाला.

सातवी गोष्ट तारखांची होती, तीही आजच केली. त्यावरून शीतलला माझी जुनी युक्ती सांगितली. पहाणीत, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्यात, जमीन लिहितात ती अशी: तीन एकर दहा गुंठे म्हणजे ३-१०. शीट बनवताना मी तसंच टाइप केलं, तर शीटनं दाखवलं तीन ऑक्टोबर. दोनशे बारा शेतकऱ्यांच्या जमिनीच्या तारखा झाल्या. मग मी रेघ काढून पॉइंट दिला. ३.१०. एकदम साफ. तीन गुंठे असतील तर .०३ आणि तीस असतील तर .३०, त्यात मी कुठेच चूक केलेली नाही.

शीतल पाचवीला गणित शिकवते. तिनं विचारलं, "पॉइंट काऊन दिला तुमी?"

"मग काय द्यायचा?"

"नाई, विचारलं. मंग खाली बेरीज कोन करते?"

"शीट करते. तेच तर तिचं काम."

"बरं," ती म्हणाली आणि भाजी निवडत बसली. तिला युक्ती आवडली असावी.


२३ फेब्रुवारी, रविवार

दोन मोठ्या घटना.

पहिली. हातानं टाकलेला आकडा निळा, फॉर्म्युल्यातून आलेला काळा. जगभर मॉडेल करणारे हा नियम पाळतात म्हणे. आणि फॉर्म्युल्याच्या पोटात कधीही आकडा लपवायचा नाही. मी माझी शीट तपासली तर बियाण्याच्या कॉलममध्ये तीस हा आकडा दोनशे बारा ठिकाणी लपलेला. (सोयाबीनची बॅग तीस किलोची असते, एकराला एक.) आता तीस फक्त एका सेलमध्ये आहे, निळा, आणि बाकी सगळ्या ओळी त्याच्याकडे बघतात. पंचवीस करून पाहिला. सगळा कॉलम हलला. पुन्हा तीस केला. दुपारचं जेवण राहिलं.

दुसरी. कंपनीच्या ऑफिसात भार्गव नावाचे एक गृहस्थ आले होते, आदिलाबादहून. बियाणं आणि औषधं बनवणाऱ्यांना माहिती पुरवतात म्हणाले. स्वच्छ बोलणं, स्वच्छ बूट. माझी शीट त्यांनी खालपर्यंत पाहिली, मोबाईल नंबरांच्या कॉलमवर जरा थांबलेसुद्धा.

"हे तुम्ही एकट्यानं केलं?"

"एकट्यानं."

"अमरदीपजी, अशी शीट मला मोठमोठ्या शहरांत मिळत नाही. पंचाहत्तर हजार देतो. फाइल द्या."

माणसाला काम कळतं. मी म्हणालो, अजून पॉलिश करतोय, परीक्षा झाली की बोलू. घरी येताना मनात फी वजा केली. तेहेतीस हजार उरतात.


१ मार्च, शनिवार

इंडेक्स आणि मॅच. नाव दिलं की शीट स्वतः शोधून गाव आणते, जमीन आणते, मागच्या वर्षीचा माल आणते. कॉलम इकडेतिकडे हलवले तरी चुकत नाही. शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी "मिळालं" म्हणालो.

अठरापैकी अकरा झाल्या.


४ मार्च, मंगळवार

आज अध्यक्ष शामराव घरी आले होते. यंदाच्या बियाण्याची ऑर्डर २० तारखेच्या सभेत ठरणार. सभासद तेच, क्षेत्र तेच, शीट तीच. "फकत गेल्या सालासारखं होऊ देऊ नका," म्हणाले.

गेल्या सालाची गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण या वहीत सगळं असलं पाहिजे. गेल्या जूनमध्ये कंपनीनं पहिल्यांदाच सगळ्यांचं सोयाबीन बियाणं एकत्र घेतलं. शीटची बेरीज होती ६४२.८० एकर, म्हणून ६४३ बॅगा आणल्या. सहा किलो उरायला हवं होतं. उरणं राहिलं बाजूला, शेवटचे लोक रिकामे परत गेले. साडेसत्तेचाळीस बॅगा कमी पडल्या. गोडाउनवर चंपतराव होते. मी त्यांच्या पावत्या शीटशी ताडून पाहिल्या. जवळजवळ प्रत्येक पावतीवर थोडं थोडं जास्त वजन. एकाचं क्षेत्र २.३०, शीट म्हणते एकोणसत्तर किलो, पावतीवर साडेब्याऐंशी. सहज नजरेत भरणार नाही, असं. सभेत मी चोर हा शब्द वापरला नाही. एवढंच म्हणालो की शीट चुकत नाही, माणूस चुकतो. चंपतरावांनी चाबी टेबलावर ठेवली आणि गेले. आता बाजारहत्नूरला खताच्या दुकानात काट्यावर बसतात. बाजारात दिसले तर मान दुसरीकडे करतात.

शामरावांना सांगितलं, यंदा तपासणीची ओळही घालतोय. पंधरावी गोष्ट तीच आहे: एकच बेरीज दोन वाटांनी करायची, फरक शून्य आला पाहिजे.


९ मार्च, रविवार

सकाळी शीतल पाचवीच्या वह्या घेऊन बसली. एरवी ती त्या मला हात लावू देत नाही. आज म्हणाली, "तुमी तपासता का अर्ध्या? माझे डोळे दुखून राह्यले." मी लाल पेन घेतलं. तिनं स्वतः फळ्यावर दिलेलं गणित होतं, पुस्तकातलं नव्हे: एकाची जमीन १ एकर ३० गुंठे, दुसऱ्याची १ एकर ३० गुंठे, दोघांची मिळून किती?

तिसऱ्या वहीत उत्तर होतं, २ एकर ६० गुंठे.

मी म्हणालो, "हे पाहा. साठ गुंठे. चाळीस झाले की एकर होतो, साठ कुठून आले? तीन एकर वीस गुंठे पाहिजे."

"कसं चुकलं असल?" तिनं विचारलं.

"पॉइंट समजून बेरीज मारली, दुसरं काय. गुंठे शंभरचे धरले."

गोल केला. चौथी वही घेतली. उघडली नाही.

शीतल तिच्या हातातल्या वहीत बघत होती. माझ्या हातातलं पेन तसंच उघडं होतं आणि त्या पोराच्या वहीवर एक लाल ठिपका मोठा होत गेला.

योगायोग बघा. नेमकं आजच तिचे डोळे दुखावेत.


१० मार्च, सोमवार

पुन्हा मोजलं. तीन वेळा. फॉर्म्युल्यानं, कॅल्क्युलेटरनं, हातानं.

पूर्ण एकरांची बेरीज ६११. सुट्या गुंठ्यांची बेरीज ३,१८०. माझ्या पॉइंटवाल्या शीटनं त्याचे केले ३१.८०, म्हणजे शंभर गुंठ्यांचा एकर. खरे होतात साडेएकोणऐंशी. खरं क्षेत्र ६९० एकर २० गुंठे. ६४३ बॅगा आणल्या होत्या. कमी पडायला हव्या होत्या साडेसत्तेचाळीस.

साडेसत्तेचाळीसच पडल्या.

म्हणजे दोनशे बारा लोकांना वाटलेल्या मालात एक किलोची चूक नव्हती. २.३० म्हणजे पावणेतीन एकर, साडेब्याऐंशी किलो, पावती बरोबर. चंपतराव त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात उभे राहून अचूक होते. मी पंख्याखाली बसून चुकत होतो.

आमच्या घरी कधी गुंठाभर जमीन नव्हती. आबा दुसऱ्याच्या शेतात राबले, त्यांना मजुरीचे दिवस मोजायचे असत, जमीन मोजायची वेळ त्यांच्यावर आली नाही. मी तांब्याच्या तारेच्या जाडीत वाढलो, तिथे पॉइंटच असतो. चाळीस गुंठ्यांचा एकर मला पाठ आहे, पण हाताला तो नाही. हे कारण म्हणून लिहीत नाही. नोंद म्हणून लिहितो.

परीक्षेच्या आधी स्वतःची एक फाइल पाठवायची आहे आणि तिच्यात एक पान चुकांचं, काय चुकलं आणि कसं सापडलं. दुसरी एखादी छोटी चूक लिहिता येईल. कोणाला कळणार आहे? त्या चाळीस जागांसाठी हैदराबाद-नागपूरचे शिकलेले लोक बसतील. मी माझ्या हातानं माझी शीट उघडी करायची का?


११ मार्च, मंगळवार

बाजारहत्नूरला जाऊन आलो.

चंपतराव काट्यामागे बसले होते. मला पाहून म्हणाले, "या, शीटवाले. वजन कराचं हाय का कशाचं?"

"बोलायचं आहे."

"बोला. काटा चालूच हाय."

मी कागद पुढे केला. तिन्ही बेरजा मांडून आणल्या होत्या, निळं काळं करून. त्यांनी खिशातून चष्मासुद्धा काढला नाही.

"गुंठ्याले पाऊण किलो," ते म्हणाले. "तीस किलोची बॅग, चाळीस गुंठ्याचा एकर. कोनाचे सतरा गुंठे, कोनाचे नऊ. दिवसभर तोंडानं हाच हिशेब केला मी."

"बरोबर केलात."

"तुमाले म्हणलं व्हतं, बेरीज पुन्हा पाहा."

"म्हणाला होतात."

"मंग तुमी काय म्हणले?"

मी कागदाची घडी घातली. त्यांनाही सभेतलं ते वाक्य माझ्या तोंडून पुन्हा ऐकायचं नव्हतं, आठवतं का एवढंच बघायचं होतं.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. रस्ताभर हे वाक्य जुळवत आलो होतो, तरी मधे एकदा अडकलं.

"मले काऊन सांगता? मले तं तवाच ठाऊक व्हतं. जिथं बोल्ले तिथं बोला."

"सभेत?"

"त्याच टेबलापाशी. चाबी ठेवली तिथं."

एक गिऱ्हाईक आलं, त्याची बॅग तोलून झाली. मला वाटलं, आता उठायला सांगतील. ते म्हणाले, "चहा पेता का? पेत असान तं बसा, नाई तं हवा अडवून राह्यले."

चहा आला. उचलायच्या आधी त्यांनी दोन्ही कप सारखे भरलेत का ते वाकून पाहिलं. मीही तेच पाहत होतो.


१४ मार्च, शुक्रवार

तीन दिवस शीट मुळापासून पुन्हा बांधली. आज पूर्ण झाली आणि मी सांगतो, अशी वस्तू मी आजवर केली नव्हती.

तीन पानं. पहिल्यावर फक्त निळे आकडे. दुसऱ्यावर फक्त काळे. तिसऱ्यावर उत्तरं. एकराचा कॉलम वेगळा, गुंठ्याचा वेगळा. गुंठ्याच्या कॉलममध्ये चाळीस टाकून बघितले, शीटनं घेतले नाहीत. एकोणचाळीस घेतले. ही अडवणूक लावायची सोय एक्सेलमध्ये पहिल्यापासून होती, मॅडमनी पाठवलेल्या पानावर दहाव्या नंबरला होती, मी तिला कारकुनी समजून मागे टाकली होती. तळाशी तपासणीची ओळ: एक वाट सगळे गुंठे करून, दुसरी एकर आणि गुंठे वेगळे मिळवून. फरक शून्य. त्या शून्याकडे मी किती वेळ बघत बसलो हे लिहीत नाही.

सगळी क्षेत्रं सभासदांच्या जमिनीच्या पासबुकांच्या झेरॉक्सवरून नव्यानं टाकली. शीतल वाचत होती, मी टाइप करत होतो. दोनशे बाराव्या ओळीला ती म्हणाली, "चला, आता हा पाठ पुन्हा घ्याव लागत नाई." पाचवीबद्दल म्हणत होती.

मग चुकांचं पान. पहिली ओळ लिहिली: "क्षेत्र दशांशात धरले. एकूण ४७.७० एकर कमी भरले. एका माणसाचे नाव खराब झाले." कसं सापडलं या रकान्यात लिहिलं, "पाचवीची वही." पाठवून दिली. बटण दाबायला माऊस लागला नाही.


१६ मार्च, रविवार

परीक्षा. साठ मिनिटं, चाळीस मार्क.

वीज दोनदा गेली, पण इन्व्हर्टर मीच बनवलेला आहे. बोटं आपोआप जात होती. महिन्याच्या शेवटच्या तारखा एका फॉर्म्युल्यानं साठ महिन्यांपर्यंत पळवल्या. एक काल्पनिक कारखाना दिला होता, त्यात घातलेला पैसा कोणत्या दरानं परत येतो ते काढायचं होतं. तो दर १४.२ आला तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो. बत्तीसावा प्रश्न चुकला. एक सेल स्वतःलाच विचारत बसला होता आणि मी त्याला सोडवू शकलो नाही. बाकी हात स्वच्छ आहेत.


२० मार्च, गुरुवार

सभा.

आत जाण्याआधी शामरावांनी बाजूला घेतलं. "अमरभाऊ, कशाले उकरता हे? नवा आकडा टाका अन् मोकळे व्हा. ऑर्डर बरोबर जाईन, झालं."

मी म्हणालो, "चुकीचा आकडा मी मोठ्यानं वाचला होता. बरोबर आकडा हळू कसा वाचू?"

"तुमची इज्जत जाईन."

"ती कुठे ठेवली होती, त्याच टेबलावर. आणायलाच चाललो."

जय भीम म्हणून सुरुवात केली. आकडे वाचले, ६४२.८० पासून साडेसत्तेचाळीसपर्यंत, एकही न गाळता. शेवटी म्हणालो, माणूस चुकला नव्हता, शीट चुकली होती, आणि शीट मी केली. मग मागच्या रांगेतून कुसुमबाई उठल्या. गेल्या वर्षी रिकाम्या परत गेलेल्यांत त्या होत्या.

"मंग आमाले बियाणं मियालं नाई ते तुमच्या त्या ठिपक्यानं?"

"हो."

"अन् आमी बोल्लो चंपतरावाले."

"हो."

"काय केलं मंग त्या ठिपक्याचं?"

"काढला."

"लवकर काढला," त्या म्हणाल्या आणि सगळी सभा हसली. मीही हसलो, जरा उशिरानं.

चंपतराव दारात उभे होते. निरोप कोणी दिला मला माहीत नाही. शामरावांनी खिशातून चाबी काढून टेबलावर ठेवली. चंपतराव पुढे आले, चाबीकडे पाहिलं नाही, मला विचारलं, "यंदा बॅगा किती?"

"सहाशे एक्याण्णव."

"उरन किती?"

"पंधरा किलो."

त्यांनी ओठ हलवून हिशेब केला. मग चाबी उचलली.


२२ मार्च, शनिवार

देवश्री मॅडमचा फोन. चाळीसपैकी एकतीस. जागा मिळाली. ५ एप्रिलला पहिला वर्ग.

मी विचारलं, एकतीसवर कशी मिळाली, लोकांना जास्त असतील. त्या म्हणाल्या, "सर, मार्क जास्त आहेत बऱ्याच जणांना. पण चुकांच्या पानावर बहुतेकांनी लिहिलंय, चूक नाही. आमच्या सरांनी तुमचं पान दोनदा वाचलं. हा कोर्स तुम्हाला लागेल म्हणाले."

फी तीन हप्त्यांत चालेल. पहिला चौदा हजार. वाइंडिंगला पाच मोटारी आलेल्या आहेत.

शीतलला सांगितलं तर तिनं डब्यातून माऊस काढून माझ्यापुढे ठेवला. मी तो पुन्हा डब्यात ठेवला.


२३ मार्च, रविवार

सकाळी नऊला भार्गव घरी आले. मी आधी सगळं खरं सांगून टाकलं: जुनी शीट चुकीची होती, ती विकली असती तर माझ्या नावाला बट्टा लागला असता, आता नवी आहे, बघा. एकेक पान उघडून दाखवलं. निळं, काळं, गुंठ्याची अडवणूक, तळाचं शून्य. ते मोबाईलवर काही वाचत होते.

"छान," ते म्हणाले. "पण अमरदीपजी, ही पानं तुमच्याकडेच राहू द्या. मला चार कॉलम पाठवा. नाव, गाव, मोबाईल, क्षेत्र."

"आणि फॉर्म्युले?"

"फॉर्म्युले घेऊन मी काय करू?"

"क्षेत्राची बेरीज तरी..."

"बेरीज नको हो. दहा-वीस गुंठे इकडेतिकडे चालतात. खरीप तोंडावर आहे, मला फोन नंबर हवेत. बरं, रक्कम वाढवतो." आणि त्यांनी आकडा सांगितला. चौदा हजारांच्या हप्त्यांची मला तेव्हाही आठवण होती, खोटं कशाला लिहू.

इतका अपमान माझा मिस्त्रीनंही केला नव्हता. पस्तीस दिवस बोटं झिजवून जे बांधलं त्याची या माणसाला गरजच नाही, आणि दहा-वीस गुंठे चालतात म्हणे. मी म्हणालो, "भार्गवजी, जे मी केलं ते तुम्हाला नको. जे तुम्हाला हवं ते मी केलेलं नाही. नावं त्यांची, गावं त्यांची, नंबर त्यांचे, जमीन त्यांची. मी विकू काय?"

ते म्हणाले, विचार करा, संध्याकाळपर्यंत थांबतो. मी म्हणालो, थांबू नका, ऊन वाढतं.

ते गेल्यावर पहिली मोटर खोलली. तीन एचपी, कुसुमबाईंच्या विहिरीवरची, पाचशे चार आटे.

नाकारलं: भार्गव यांचा प्रस्ताव, दोनशे बारा ओळी, चार कॉलम, एकदाच, रोख. रक्कम एक लाख पंचवीस हजार रुपये.